खोक्यावर ६० सेंटिमीटर, पाठीखाली ४४

प्रश्न : माझी उंची ५ फूट १० इंच, म्हणजे १७८ सेंमी, वजन ८४ किलो. डिसेंबरअखेर बायकोबरोबर उत्तराखंडमधला केदारकांठा ट्रेक करायचा आहे, म्हणून ऑनलाइन एक फुगवायची स्लीपिंग मॅट मागवली. खोक्यावर १९० × ६० × १० सेंमी असं छापलंय. घरी फुगवून मोजली तर लांबी १८१, रुंदी साडेत्रेपन्न आणि जाडी कशीबशी ९ भरली. विक्रेता म्हणतो, ‘माप हवा न भरता घेतलेलं असतं, मॅट बरोबरच आहे.’ असं खरंच असतं की मला गंडवलं? परत करू का? दुसरी घ्यायची तर कोणत्या मापाची? बायकोची उंची ५ फूट २ इंच आहे आणि टेंट दोघांत एकच असेल.

उत्तर :

परत करा. कारण सांगायला जरा वेळ लागेल. घाई असेल तर पुढचं नंतर वाचा, पण परतीची मुदत टळू देऊ नका.

पुण्यात माझं ट्रेकचं सामान भाड्याने द्यायचं आणि दुरुस्तीचं छोटं काम आहे, आणि वर्षातले तीन-चार महिने ग्रुप घेऊन डोंगरात असतो. नवी मॅट आली की ती रात्रभर फुगवून ठेवायची, सकाळी मोजायची आणि व्हॉल्व्हशेजारी मार्करने आपली मापं लिहायची, हा आमच्याकडचा रिवाज आहे. इतक्या वर्षांत खोक्यावरचा आकडा आणि मार्करचा आकडा जुळलेल्या मॅटा थोड्याच निघाल्या. त्यामुळे तुमचे आकडे वाचून नवल वाटलं नाही. उलट तुम्ही टेप लावली याचंच बरं वाटलं. बहुतेकांना हे कळतं ते थेट बर्फावर, रात्री दोन वाजता.

विक्रेत्याच्या बोलण्यात तथ्य आहे. हवेची मॅट म्हणजे कापडाचे दोन थर, कडांना एकमेकांना चिकटवलेले. रिकामी मॅट जमिनीवर पसरली की ६० सेंमी भरते. हवा भरली की वरचा थर वर जातो, खालचा खाली, आणि त्यासाठी लागणारं कापड रुंदीतूनच जातं. तुमच्या घरातल्या उशीचा अभ्रा आणि उशी शेजारी ठेवून बघा. गादीवाल्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. कापूस ठासला की खोळ आखडणार, हे धरूनच तो कापड कापतो. तुमच्या मॅटवाल्याने कापड कापलं तेवढंच माप छापून टाकलं.

पण मग तिसरा आकडा बघा. जाडी १० सेंमी. रिकाम्या मॅटला जाडी असते का? म्हणजे लांबी-रुंदी घेतली हवा काढून आणि जाडी घेतली हवा ठासून. दोन वेगळ्या अवस्थांतली मापं मध्ये गुणाकाराच्या फुल्या टाकून एका ओळीत छापली आहेत. ती मॅट ६० सेंमी रुंद असते तेव्हा तिची जाडी कापडाच्या दोन थरांएवढी असते, आणि जाड होते तेव्हा ती ६० राहत नाही. १९० × ६० × १० ही वस्तू त्या खोक्यात कधी नव्हतीच. माझा आक्षेप नेमका इथे आहे. नुसती रिकामी मापं देणारा कारखाना मला चालतो. रिकामं माप कधीही, कुणीही घेतलं तरी तेच येतं. फुगवलेलं माप मात्र हवा किती भरली त्यावर दोन-तीन सेंटिमीटर इकडेतिकडे होतं. पण मग शेजारी तसं लिहा. दोन्हीकडून सोयीचं तेवढं उचलायचं, हे मला पटत नाही.

किती आखडणार याचं गणित सोपं आहे आणि एकदा समजलं की दुकानात उभ्या उभ्या करता येतं. फुगलेल्या मॅटची कड ही बाहेरून अर्धगोल असते. त्या अर्धगोलाचा घेर जाडीच्या १.५७ पट. त्यातलं निम्मं कापड वरच्या थरातून येतं, निम्मं खालच्या, म्हणजे प्रत्येकी जाडीच्या ०.७८५ पट. एवढं कापड खर्चून ती कड बाहेर येते फक्त जाडीच्या निम्मी. राहिलेलं ०.२८५ पट कापड वळणात मुरलं. दोन कडांचं मिळून ०.५७ पट. म्हणजे जाडीच्या निम्म्याहून थोडं जास्त, एवढी रुंदी हवा भरताक्षणी जाते. लांबीतूनही तेवढीच, कारण डोक्या-पायाकडच्या कडाही तशाच गोल.

तुमची मॅट ९ सेंमी जाडीची. ९ गुणिले ०.५७ म्हणजे पाच सेंमी आणि वर थोडं. ६० चे ५५ झाले. मग साडेत्रेपन्न कसे भरले? तुमच्या मॅटच्या पृष्ठभागावर अंड्यांच्या ट्रेसारखे खळगे असणार, तशा बहुतेक मॅटांना असतात. प्रत्येक खळग्याशी वरचा आणि खालचा थर एकमेकांकडे खेचलेला असतो आणि मधलं कापड फुगवट्यात जातं. एकेका फुगवट्यात गेलेलं कापड मिलिमीटरमध्येच असतं, पण ओळीने दहा-बारा आले की दीड सेंमी होतो. लांबीत अशा ओळी तिप्पट, म्हणून तिथे पाच आणि वर चार असे नऊ गेले. तुमची तिन्ही मापं या हिशोबात चपखल बसतात. मॅट गळत नाहीये, तुमची टेपही बरोबर आहे.

याच हिशोबातून एक विचित्र गोष्ट निघते. जितकी जाड मॅट, तितकी ती जास्त अरुंद होते. ६० रुंदीची ५ सेंमी जाड मॅट फुगवल्यावर ५७ च्या आसपास राहील आणि १० सेंमीची साडेचोपन्नच्या. ‘अजून जाड, अजून आरामदायी’ म्हणून वरची मॅट घेणाऱ्याला प्रत्यक्षात अरुंद बिछाना मिळतो आणि त्यावरून तो रात्री जास्त उंचावरून खाली येतो. आत फोम असलेल्या, आपोआप फुगणाऱ्या मॅटांत हा घोळ कमी, कारण त्यांची जाडी अडीच ते चार सेंमी आणि कापड फोमलाच चिकटलेलं. त्यांचं दुखणं वेगळं. कारखान्यात दाबून गुंडाळलेला फोम पहिल्या दिवशी पूर्ण उमलत नाही, त्यामुळे लोक जाडी कमी म्हणून ओरडतात. व्हॉल्व्ह उघडा ठेवून एक दिवस पडू द्यावी, मग मोजावी.

खळग्यांऐवजी हवेच्या लांब नळ्या असतील तर त्या कुठल्या दिशेने आहेत तेही बघायचं. डोक्यापासून पायापर्यंत जाणाऱ्या उभ्या नळ्या असतील तर फुगवटे रुंदी खातात. आडव्या असतील तर लांबी. उंच माणसाने आडव्या नळ्यांच्या मॅटची लांबी आणि रुंद खांद्याच्या माणसाने उभ्या नळ्यांच्या मॅटची रुंदी जास्त संशयाने बघावी.

आता दुसरा भाग, जो टेपनेही पटकन दिसत नाही. तुमची साडेत्रेपन्न रुंदी ही कडेपासून कडेपर्यंतची. त्यातली दोन्ही बाजूंची साडेचार-साडेचार सेंमी म्हणजे वळण. तिथे कोपर ठेवला की घसरतो. वरची सपाट पाठ उरली साडेचव्वेचाळीस. हे गणित थोडं कडक आहे हे मान्य, वळणाचा आतला भाग खांद्याला थोडाफार आधार देतोच. पण ८४ किलोंचा माणूस मध्ये झोपला की मधली हवा कडांकडे पळते, कडा टणक होतात आणि त्यांचा उतार आणखी जाणवतो. काही मॅटांना म्हणूनच बाहेरच्या दोन नळ्या मुद्दाम मोठ्या ठेवतात, म्हणजे माणूस पाळण्यात बसल्यासारखा राहतो. ती युक्ती चांगली आहे, मात्र अशा मॅटची ‘जाडी’ त्या मोठ्या नळीचीच छापलेली असते. पाठीखालच्या नळ्या त्याहून ठेंगण्या. तुमच्याही मॅटचे ९ सेंमी उंचवट्याचे आहेत. एखाद्या खळग्यात पेन्सिल उभी धरून बघा, चार-पाच सेंमीच भरेल. कुशीवर झोपल्यावर कमरेचं हाड उंचवट्यांवर टेकतं की खळग्यात, यावर सकाळचा मूड ठरतो.

मग बाजारातल्या बऱ्याच मॅटांवर दिसणारी ५०-५१ सेंमी रुंदी आली कुठून, असा प्रश्न मला नेहमी विचारतात. जुन्या फोमच्या मॅटा २० इंच × ७२ इंच असायच्या, आणि अजूनही असतात. १९७२ साली सिअॅटलमध्ये सुरू झालेल्या थर्म-अ-रेस्टच्या आजच्या यादीतही ‘रेग्युलर’ म्हणजे ५१ × १८३ आणि ‘लार्ज’ म्हणजे साधारण ६४ × १९६, आणि बाकीच्या बऱ्याच कंपन्यांची मापं याच्याच आसपास फिरतात. फोमच्या मॅटवर ५१ म्हणजे ५१. कडा चौकोनी, पृष्ठभाग या टोकापासून त्या टोकापर्यंत कामाचा. जमिनीपासून उंची दीड-दोन सेंमी, त्यामुळे कोपर खाली आला तरी लटकत नाही. तोच ५१ चा आकडा साडेसात सेंमी जाडीच्या हवेच्या मॅटवर लावा आणि तो रिकाम्या मॅटचा असेल असं धरा. फुगवल्यावर पावणेसत्तेचाळीस, सपाट पाठ एकोणचाळीस. ज्याने दहा वर्षं फोमच्या कॅरीमॅटवर राजगडच्या पद्मावती मंदिरात आणि रतनगडच्या गुहेत सुखाने झोपा काढल्या, तो तोच आकडा बघून हवेची मॅट घेतो आणि बारा सेंमी कुठे गेले ते त्याला कळत नाही.

मलाही कळलं नव्हतं. पहिली हवेची मॅट घेतली तेव्हाची गोष्ट. केदारकांठ्याच्याच वाटेवर, सांक्रीहून चढून जुडा का तालाबला टेंट लावले होते, डिसेंबरच होता. रात्री तीनदा जाग आली, दर वेळी एक हात मॅटखाली टेंटच्या तळावर, बधिर. मी ठरवूनच टाकलं की मॅटला भोक पडलंय. हेडलॅम्प लावून, कानटोपी काढून, गालाला कुठे हवा लागते का ते बघत अर्धी रात्र घालवली. टेंटमधला जोडीदार काय म्हणाला ते इथे लिहीत नाही. घरी आल्यावर साबणाचं पाणी लावून बघितलं, एक बुडबुडा नाही. मग टेप काढली. कंपनीचं नाव सांगत नाही, त्याला आता अर्थ नाही, पण खोक्यावरच्या आणि टेपवरच्या रुंदीत चांगला सहा सेंमीचा फरक होता. मार्करचा रिवाज तिथून सुरू झाला.

त्या रात्री अजून एक गोष्ट घडत होती, ती मला तेव्हा माहीत नव्हती. तोंडाने फुगवलेल्या मॅटमधली हवा आत जाते तेव्हा पस्तीस अंशांच्या आसपास असते. टेंटमध्ये उणे पाच झालं की तिचं आकारमान जवळजवळ १३ टक्के घटतं, श्वासातली वाफ थिजून जाते ती वेगळीच. म्हणून संध्याकाळी टणक असलेली मॅट रात्री लेचीपेची होते आणि ती फुटली असं वाटतं. पिशवीच्या पंपाने हवा भरली तर बाहेरचीच थंड, कोरडी हवा आत जाते, घट कमी होते. तरी झोपायच्या आधी दोन फुंकरी मारायच्याच.

तुमच्या मॅटबद्दल आणखी दोन गोष्टी तपासा. या वर्गातल्या मॅटांना बरेचदा जोडलेली उशी असते आणि पायाकडे पाऊल दाबून हवा भरायचा पंप. दोन्ही त्या १९० मध्ये धरलेले असतात. उशी साधारण २८ सेंमी धरा. फुगवल्यावरची लांबी १८१, म्हणजे उशीच्या खाली राहिले १५३. पायाकडची गोल कड वजा करा, एकशे साडेअठ्ठेचाळीस-एकोणपन्नास. उशी हलवता येत नसल्यामुळे तुमचे खांदे तिच्या खालच्या कडेशीच लागणार. खांद्यापासून टाचेपर्यंतचं अंतर उंचीच्या साधारण ८२ टक्के असतं, तुमचं १४६ च्या आसपास. म्हणजे टाचा बरोबर पंपावर. तो भाग बाकीच्या मॅटपेक्षा वेगळा लागतो, कधी मऊ, कधी घट्ट. १९० लांबीची मॅट १७८ च्या माणसाला तोकडी पडते ती अशी. सुटी उशी असती तर वरखाली सरकून जमवता आलं असतं.

कडेला जो चपटा पट्टा बाहेर आलेला असतो, जिथे दोन थर चिकटवले आहेत, तोही काही जण मापात धरतात. प्रत्येक बाजूला पाऊण-एक सेंमी. त्यावर झोपणार कोण? पण तो टेपने पकडता येतो.

मोजायचं कसं, तेही सांगतो, कारण परत करताना फोटो लागतील. मॅट रात्रभर भरून ठेवा, नव्या कापडाला थोडं सैल व्हायला वेळ लागतो. सकाळी कमी झालेली हवा पुन्हा भरा, झोपताना ठेवाल तेवढीच. मग मॅटची एक कड भिंतीला लावा. दुसऱ्या कडेला लाकडी पाट उभा धरा. भिंत ते पाट हे अंतर जमिनीवर मोजा. टेप मॅटच्या पाठीवरून टाकलीत तर ती फुगवट्यांवरून चढत-उतरत जाईल आणि तुम्हाला पुन्हा विक्रेत्याचाच आकडा मिळेल. लोक हीच चूक करतात आणि ‘बरोबर तर आहे’ म्हणून गप्प बसतात. जाडीसाठी पाट मॅटवर आडवा ठेवून जमिनीपासून त्याच्या खालच्या बाजूपर्यंत मोजायचं. रुंदी खांद्याशी एकदा आणि पायाशी एकदा घ्या. निमुळत्या मॅटांत छापलेली रुंदी फक्त खांद्याची असते, पायाशी दहा-पंधरा सेंमी कमी असणं नेहमीचंच. वजन वाचवण्यासाठी ते मुद्दाम केलेलं असतं, त्यात लबाडी नाही, फक्त तुम्ही पाय फाकवून झोपणारे नसावात.

फसवणूक म्हणायची का? इथे मी जरा सावध आहे. आपल्याकडे वैध मापन शास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ प्रमाणे जिथे आकार महत्त्वाचा तिथे वस्तूची मापं वेष्टनावर द्यावी लागतात. नियम सर्वसाधारण आहे, हवा भरण्याआधी की नंतर इतक्या खोलात तो जात नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मात्र दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणंही धरतो. म्हणून विक्रेत्याला एवढंच लिहा : जाडी फुगवलेली दिली आहे, लांबी-रुंदी रिकामी दिली आहे, आणि हे पानावर कुठेही लिहिलेलं नाही. सोबत पानाचा स्क्रीनशॉट, खोक्याचा फोटो, भिंत-पाट-टेपचा फोटो. माझ्या माहितीतल्या बहुतेकांचं काम एवढ्यावरच झालं आहे. नाहीच झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. मॅट एकदाही बाहेर वापरू नका. टेंटमधली माती लागलेली मॅट परत घ्यायला कोणीही कुरकुर करेल, आणि ते बरोबरच आहे.

नवी घेताना आकडे वाचण्याआधी स्वतःला मोजा. आजकाल बहुतेक घरांत दोन फूट बाय दोन फुटांची फरशी असते, म्हणजे ६० सेंमी. फरशीच्या सांध्यावर एक कोपर ठेवून उताणे झोपा, हात रात्री असतात तसे पोटाशी किंवा अंगालगत, सैल. दुसरा कोपर कुठे येतो तिथे बायकोला खडूने खूण करायला सांगा. तुमच्या बांध्याच्या माणसाचं हे अंतर पन्नास ते पंचावन्नमध्ये कुठेतरी येतं. मग कुशीवर व्हा, गुडघे दुमडा, पाठीपासून गुडघ्यापर्यंत बघा. जास्त येईल तो आकडा धरा. मॅटची सपाट पाठ त्याच्या जवळपास हवी, दोन-तीन सेंमी कमी चालतात.

त्यावरून उलटा हिशोब. मॅटच्या माहितीत ‘इन्फ्लेटेड’ माप दिलं असेल तर त्यातून एकदा जाडी वजा करा, ही सपाट पाठ. माप रिकामं असेल, किंवा काहीच लिहिलेलं नसेल, तर जाडीची दीडपट वजा करा. खरं तर १.५७ पट, पण दुकानात दीडपट पुरे. तुमच्यासाठी ६४ रुंदीची साडेसात सेंमी जाडीची मॅट बघा. माप रिकामं असलं तरी सपाट पाठ बावन्न मिळते, फुगवलेलं असेल तर साडेछप्पन्न. ५१ वाली घेऊ नका, कितीही चांगल्या कंपनीची असली तरी. रुंद मॅटचं वजन शंभर-दीडशे ग्रॅम जास्त भरेल आणि खिसाही जास्त हलका होईल, पण डिसेंबरमध्ये कोपर बर्फावर टेकवून झोपण्यापेक्षा ते परवडलं. लांबीला १८३ ची, सुटी उशी, तुमच्यासाठी बसते. उताणे झोपून पाय ताणणारे असाल तर १९६.

आर-व्हॅल्यूचं थोडक्यात. थंडी किती अडते त्याचा तो आकडा. २०१८ मध्ये त्याच्या चाचणीसाठी एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं एफ ३३४० हे मानक आलं आणि २०२० पासून मोठ्या कंपन्या त्याप्रमाणे आकडे देऊ लागल्या. त्याआधी ज्याची त्याची मोजायची तऱ्हा होती. मापांच्या बाबतीत आपण अजून त्या जुन्या काळातच आहोत. हे मानक उष्णतेपुरतं आहे, रुंदी कशी मोजावी ते त्यात नाही. आणि ती आर-व्हॅल्यू तुम्ही मॅटवर असतानाच तुमच्या कामाची, मॅटखाली घसरलेल्या कोपराला तिचा काय उपयोग? बर्फावर झोपायचं तर ४-५ च्या पुढची घ्या. तेवढं बजेट नसेल तर ३ च्या आसपासची घेऊन खाली साधी फोमची कॅरीमॅट टाका, दोन्हींच्या आर-व्हॅल्यू एकमेकींत मिळवता येतात. शिवाय हवेची मॅट घसरत नाही आणि टेंटखालचे खडे तिच्यापर्यंत पोचत नाहीत. खोक्यावर ‘उणे २० पर्यंत’ असं नुसतं तापमान लिहिलेलं असेल आणि आर-व्हॅल्यू नसेल, तर ते तापमान वाचलंच नाही असं समजा.

बायकोसाठी मोठी मॅट लागणार नाही. ५ फूट २ इंच म्हणजे १५७ सेंमी, १८३ ची लांबी भरपूर झाली. तीच फरशीची चाचणी त्यांनाही करू द्या. कोपराचं अंतर चाळीसच्या थोडं वर आलं तर ५१ ची निमुळती पुरते, फक्त फुगवलेलं माप ५१ असलेली निवडा.

राहिला टेंट. दोन माणसांच्या ट्रेकिंग टेंटचा तळ डोक्याशी १३० सेंमीच्या आसपास आणि पायाशी बऱ्याचदा ११० च्या आसपास असतो. इथे मॅटचं आखडणं आपल्या पथ्यावर पडतं. कागदावर ६४ आणि ५१ मिळून ११५ होतात, पायाशी बसणार नाहीत. दोन्ही मापं रिकामी असतील तर फुगवल्यावर ६० आणि ४७ च्या आत, म्हणजे १०७, बसतात. तुमची चौकोनी आणि त्यांची फुगवून ५१ भरणारी निमुळती, तरी पायाशी त्यांची चाळिशीच्या आतच असेल, म्हणजे शंभरात काम झालं. दोन चौकोनी ६४ घेतल्यात तर मात्र पायाकडे एक मॅट दुसरीवर चढेल. टेंट भाड्याचा असेल तर ट्रेक ऑपरेटरला ‘टू मॅन आहे का’ असं विचारू नका, पायाकडचं माप किती ते विचारा. तो गोंधळला तर त्याला टेंट उघडून टेप लावायला सांगा, आणि दोन मॅटांच्या मध्ये राहणाऱ्या फटीत दुसऱ्या दिवशीचे मोजे आणि फ्लीसचं जॅकेट कोंबून ठेवा. फटही बुजते आणि कपडे सकाळी गरम मिळतात.